विमानाचा पल्ला आणि घड्याळाचे तास

जळगांवाहून मुंबई लोहमार्गानें सुमारें ४२० किलोमीटर. आकाशांतून सरळ रेषेनें सुमारें ३५५. मनमाड-नाशिकाचा वळसा आणि कसाऱ्याचा घाट विमानाला नाहीं. ताशीं ५०० किलोमीटर जाणाऱ्या लहान विमानास या हिशेबानें पाऊण तास पुरावा. तरी वेळापत्रक तासाहून अधिक धरतें. कारण धांवपट्टीपर्यंत जाणें, वर चढणें आणि प्रसंगीं मुंबईवर घिरट्या घालणें यांना अंतराच्या गणितांत जागा नसते.

खरी गफलत पुढें होते. समजा, धुळ्याचें एक वृद्ध दांपत्य न्यू जर्सींतील न्यूअर्कला मुलीकडे निघालें आहे. जानेवारीच्या तिकिटावर मुंबईहून रात्रीं १ वाजतां प्रस्थान आणि त्याच दिवशीं सकाळीं ६-३० वाजतां आगमन. साडेपांच तासांत अमेरिका! पण प्रत्येक वेळ त्या त्या गांवची असते. हिंवाळ्यांत तेथील घड्याळ आपल्या साडेदहा तास मागें. म्हणजे प्रवास सोळा तासांचा, पल्ला साडेबारा हजार किलोमीटरांचा. (परततांना उंचावरील पश्चिमी वारे पाठीशीं असतात, म्हणून वेळ कमी लागतो.)

आजोबा मधुमेही असतील तर ही निव्वळ गंमत राहत नाहीं. इन्सुलिनच्या दोन मात्रांमध्यें खरे तास मोजावे लागतात, छापलेले नव्हेत. निघण्यापूर्वीं दोन्ही वेळा भारतीय वेळेंत मांडून तो कागद डॉक्टरांस दाखवावा. आणि औषध मोठ्या सामानांत न देतां हातांतील पिशवींत ठेवावें, कारण खालच्या कप्प्यांत तें गोठण्याचें भय असतें.