कार्यसंचिका आणि आजन्म शिक्षण



शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती शाळा एक दाखला देते. त्यात नाव, जन्मतारीख, इयत्ता व वर्तणूक यांची नोंद असते. परंतु त्या मुलास काय करता येते, हे त्यात कोठेच आढळत नाही. त्याने लिहिलेले निबंध, काढलेली चित्रे, मोजलेले शेत व वाढविलेली रोपे ही त्याच्या शिक्षणाची खरी साक्ष होय. ती मात्र वर्षअखेर रद्दीत जाते. ही साक्ष निवडून जपण्याचे साधन म्हणजे कार्यसंचिका. आणि ती संगणकात वा मोबाईलमध्ये ठेवली म्हणजे ती इलेक्ट्रॉनिक कार्यसंचिका झाली.

शिक्षण शाळेच्या दाराशी संपत नाही, हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. मुंबईच्या उपनगरात जुहू येथे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे आवार असून शैक्षणिक तंत्रविज्ञानाचा विभाग तेथेच चालतो. १९१६ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी हे विद्यापीठ स्थापिले, तेव्हा त्यात अवघ्या पाच विद्यार्थिनी होत्या. त्याच कर्व्यांनी १९३६ साली, पंच्याहत्तरी उलटून गेल्यावर, शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केले. आणि खेड्यातील प्रौढांची वाचनाची सवय मोडू नये, याचीही चिंता त्या मंडळाने वाहिली. अक्षरओळख झालेला मनुष्य पुढे पुस्तकाला पारखा झाला, तर केलेले श्रम वाया जातात, हे त्यांनी ओळखले होते.

आज साधने बदलली आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये गुणपत्रिका व प्रमाणपत्रे ठेवता येतात. २०२१ सालापासून उच्च शिक्षणातील श्रेयांकांची पेढी अस्तित्वात आली असून, शिक्षण मध्येच सोडून नोकरीस लागलेल्या तरुणास पूर्वी मिळविलेले श्रेयांक पुढे उपयोगी पडावेत, असा तिचा उद्देश आहे. परंतु येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. पेढी व लॉकर दाखले सांभाळतात. काम सांभाळीत नाहीत. गवंडीकाम शिकलेल्या मुलाने बांधलेल्या भिंतीचे छायाचित्र, आणि ‘ओळंबा चुकला तेव्हा काय केले’ हे त्याने स्वतः लिहिलेले चार शब्द, यांची जागा कार्यसंचिकेत आहे. काम देणारा मनुष्य हेच पाहू इच्छितो.

या साधनाची निकड सर्वांत अधिक कोणास आहे? ऊसतोडीस वा वीटभट्टीवर आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांस. अशा मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी पत्रक आहेच. ते प्रामाणिकपणे भरले, तर कार्यसंचिकेचे पहिले पान तयार झाले असे समजावे. मूल कोणत्या पातळीवर वाचते, वजाबाकी हातच्यासह करते की नाही, हे दुसऱ्या गावच्या शिक्षकास कळले नाही, तर मुलास पुनः पहिल्या धड्यापाशी बसविले जाते, आणि ते कंटाळून शाळाच सोडते. बाजारात मिळणाऱ्या पुस्तिकेतून उतरविलेल्या ‘वर्णनात्मक नोंदी’ येथे काडीच्या उपयोगाच्या नाहीत. चाळीस मुलांविषयी एकच वाक्य लिहिणे म्हणजे एकाही मुलाविषयी काही न लिहिणे होय.

प्रारंभ साधा असावा. प्रत्येक सत्रात मुलाने आपले एक काम निवडावे. ते का निवडले, हे दोन ओळींत लिहावे अथवा तोंडी सांगावे. निवड शिक्षकाने करू नये. सुंदर अक्षराचीच पाने जमविण्याचा मोह आवरावा. चुकलेले गणित व नंतर सुधारलेले गणित अशी जोडी एखाद्या निर्दोष पानाहून बोलकी असते. शाळेत वीज वा जाळ्याची सोय बेभरवशाची असल्यास कागदाची संचिका करावी, व छायाचित्रे सवडीने घ्यावीत.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. संचिका मुलाची आहे, शाळेच्या प्रसिद्धीसाठी नाही. मुलाचे छायाचित्र व आधार क्रमांक व्हॉट्सॲपच्या गटावर टाकण्याची जी रीत पडली आहे, ती बंद झाली पाहिजे; २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकाची संमती आवश्यक मानली आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षकासाठीही वर्षाकाठी पन्नास तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा धरली आहे. त्या तासांची केवळ प्रमाणपत्रे न साठविता, प्रशिक्षणानंतर वर्गात कोणता पाठ बदलून घेतला व मुले कोठे अडली, याचे एक टिपण शिक्षकाने प्रत्येक वेळी आपल्याही संचिकेत ठेवावे, आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेस येताना ते बरोबर आणावे.