होस्तिवार्झचे अंतोनीन श्वेहला

अंतोनीन श्वेहला हे 1922 ते 1929 या काळात, मधला काही महिन्यांचा खंड सोडला तर, चेकोस्लोव्हाकियाचे पंतप्रधान होते. त्यांचा जन्म 1873 सालचा, होस्तिवार्झ या गावातला. प्रागच्या मध्यापासून आग्नेयेला आठ-दहा किलोमीटरवर, बोतिच नावाच्या ओढ्याकाठी हे गाव आहे. तेव्हा ते राजधानीत मोडत नव्हतं. घराणं शेतकऱ्यांचं, आणि अंतोनीन यांनीही आधी घरची शेती पाहिली. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्या बरोबरीचे नेते पाहिले की हे ठळकपणे जाणवतं. मासारिक तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, क्रामार्झ आणि राशीन कायद्याचे डॉक्टर, श्रामेक धर्मगुरू. या पंगतीत बांधावरून उठून येऊन बसलेला माणूस म्हणजे श्वेहला.

त्या काळी बोहेमिया हा ऑस्ट्रियन साम्राज्याचा प्रांत होता. प्रांतिक सभेची निवडणूक वर्गवार होई. बड्या जमीनदारांचा एक गट, शहरांचा आणि व्यापारी मंडळांचा दुसरा, गावांचा तिसरा. गावांची माणसं संख्येनं सर्वांत जास्त, पण सभेत त्यांचा वाटा तोकडा. शिवाय गावांच्या नावानं बोलणारे पुष्कळदा शहरातले वकील असत. ही कोंडी फोडायला 1899 मध्ये चेक शेतकऱ्यांचा स्वतंत्र पक्ष निघाला. 1906 पासून पक्षाचं 'व्हेन्कोव्ह' नावाचं दैनिक प्रागमधून निघू लागलं. श्वेहलांची उमेदवारी या संघटनेच्या आणि वृत्तपत्राच्या कामात झाली. 1908 मध्ये ते प्रांतिक सभेवर निवडून गेले आणि वर्षभरात पक्षाचे अध्यक्ष झाले. पुढे मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं, हे पद त्यांच्याकडेच राहिलं.

प्रांतिक सभेतली त्यांची वर्षं फारशी सांगण्यासारखी नाहीत. जर्मन आणि चेक सदस्य एकमेकांचं कामकाज अडवत होते, सभा धड भरत नव्हती, आणि 1913 मध्ये व्हिएन्नानं ती बरखास्तच केली. पुढच्या वर्षी महायुद्ध पेटलं.

या चरित्राकडे प्रस्तुत वक्त्याचं लक्ष प्रथम गेलं ते युद्धाच्या शेवटच्या एका सकाळीमुळे. तेव्हा ती सकाळ सविस्तर सांगणं आलंच, मग मिनिटं पुढे कमी पडली तरी हरकत नाही.

युद्धकाळात साम्राज्यात धान्याचा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला होता. शेतकऱ्याच्या कोठारातलं धान्य मोजून न्यायचं, लष्कराचा आणि शहरांचा हिस्सा ठरवायचा, हे काम युद्धकालीन धान्य संस्थेकडे होतं. पाव कार्डावर मिळे, तोही पुरेसा नाही. बोहेमियाचं धान्य बाहेर जातं आणि बोहेमियाची मुलं उपाशी राहतात, ही भावना 1918 पर्यंत घरोघरी पोचली होती. त्या वर्षी 14 ऑक्टोबरला जो सार्वत्रिक संप झाला, तोही अन्नधान्य बाहेर नेण्याविरुद्धच होता. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, साम्राज्य डळमळलं ते फक्त झेंड्यांनी नव्हे, रिकाम्या टोपल्यांनीही.

उन्हाळ्यात चेक पक्षांनी राष्ट्रीय समिती नव्यानं बांधली होती. क्रामार्झ अध्यक्ष, श्वेहला उपाध्यक्षांपैकी एक. कोणत्या पक्षाला किती जागा हा वाद श्वेहलांनी सोपा केला. 1911 च्या व्हिएन्ना संसदेच्या निवडणुकीत ज्याला जितकी मतं, त्याला त्या प्रमाणात वाटा. हे सूत्र 'श्वेहलांची किल्ली' म्हणून ओळखलं गेलं आणि पुढे क्रांतिकारी राष्ट्रीय सभेतल्या जागाही त्यानुसारच वाटल्या गेल्या. या किल्लीनं एक दार मात्र बंदच ठेवलं. देशातल्या तीस लाखांहून अधिक जर्मनांचा त्या सभेत एकही प्रतिनिधी नव्हता.

28 ऑक्टोबर 1918, सोमवार. क्रामार्झ परदेशातून काम करणाऱ्या चेक नेत्यांशी बोलणी करायला जिनिव्हाला गेलेले. सकाळी नऊच्या सुमारास दोन माणसं प्रागच्या धान्य संस्थेच्या कार्यालयात शिरली. एक श्वेहला, दुसरे समाजवादी नेते फ्रांतिशेक सोउकुप. संस्था राष्ट्रीय समितीच्या नावानं ताब्यात घेत असल्याचं त्यांनी सांगितलं आणि तिथल्या कर्मचाऱ्यांकडून नव्या सत्तेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. धान्य आता आघाडीवर जाणार नव्हतं.

आता वेळेचा हिशेब पाहावा. व्हिएन्ना तहाच्या अटी मान्य करतंय, ही साम्राज्याचे परराष्ट्रमंत्री आंद्राशी यांच्या खलित्याची बातमी प्रागच्या रस्त्यावर आली ती साडेदहाच्या आसपास. ती वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर लागली, लोकांनी तिचा अर्थ 'साम्राज्य संपलं' असा लावला, दुहेरी गरुडाची राजचिन्हं उखडली जाऊ लागली. धर्मगुरू आणि शेतकरी पक्षाचे नेते इसिदोर झाह्रादनिक यांनी संत वेन्सेस्लासच्या पुतळ्यापाशी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि मग थेट रेल्वे स्टेशन गाठून तारेनं ते सगळ्या स्टेशनांना कळवलं. चित्रांत आणि छायाचित्रांत दिसतो तो हा भाग. पण धान्य संस्था त्याआधीच हाती आली होती. पुन्हा सांगायचं तर, घोषणा नंतर झाली, गहू आधी ताब्यात आला. लष्कराचं मुख्यालय नाही, राजवाडा नाही, गव्हर्नरचं कार्यालयही नाही. तिथे मंडळी नंतर गेली, आणि गव्हर्नर तर व्हिएन्नाला गेलेले होते. पहिलं पाऊल धान्याच्या कचेरीत पडलं. ज्याच्या हाती पुढच्या आठवड्याचा पाव, त्याचं राज्य टिकणार, हे कोठार भरण्या-रितं होण्याचा हिशेब लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला सुचावं यात नवल नाही.

त्याच दिवशी नव्या राज्याचा पहिला कायदा निघाला. मसुदा राशीन यांचा. स्वतंत्र राज्य अस्तित्वात आलं असं सांगून लगोलग त्यात म्हटलं होतं की, जुने कायदे आणि जुनी कार्यालयं तूर्त चालू राहतील. उद्देश एकच, दुसऱ्या दिवशीचा व्यवहार थांबू नये. खाली सह्या राशीन, सोउकुप, स्ट्रीब्र्नी, श्वेहला आणि त्याच दिवशी स्लोव्हाकियातून आलेले श्रोबार यांच्या. आज चेक प्रजासत्ताकाचा राष्ट्रीय दिन हाच, 28 ऑक्टोबर. शाळकरी पाठात मिरवणुका आणि पुतळे येतात, धान्य संस्थेला एखादी ओळ मिळते. प्रस्तुत वक्त्याच्या मते हा अन्याय आहे.

नोव्हेंबरमध्ये श्वेहला गृहमंत्री झाले आणि 1920 च्या शरद ऋतूपर्यंत त्या पदावर राहिले. या काळातली त्यांच्या खात्याची मोठी गोष्ट स्थानिक स्वराज्याची. जुन्या पद्धतीत गावच्या कारभारी मंडळाची निवडणूक कर भरणाऱ्यांच्या वर्गांनुसार होई. जो जास्त कर भरी त्याच्या मताला जास्त वजन. 1919 च्या आरंभी नवा कायदा आला, आणि जूनमध्ये चेक प्रदेशातल्या गावागावांत सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांच्या समान मतांनी निवडणूक झाली. संसदेची निवडणूक व्हायला अजून जवळजवळ वर्ष होतं. म्हणजे प्रजासत्ताकाचं मतदान आधी गावात झालं, नंतर देशात.

त्याच वर्षी जमीन सुधारणेचा कायदा झाला. दीडशे हेक्टरांहून जास्त शेतजमीन, किंवा सगळी मिळून अडीचशे हेक्टरांहून जास्त जमीन असलेल्या इस्टेटी सरकारी ताब्याच्या कक्षेत आल्या. ही जमीन सुमारे 40 लाख हेक्टर भरली. वाटपाचं काम पुढे कित्येक वर्षं रेंगाळलं. लहान शेतकऱ्यांना तुकडे मिळाले हे खरं, पण वाटून उरलेल्या वाड्या-हवेल्यांसकटच्या 'उर्वरित इस्टेटी' पुष्कळदा पक्षाच्या जवळच्यांच्या पदरात पडल्या. हा ठपका श्वेहलांच्या पक्षावर कायमचा बसला, आणि तो उगाच बसलेला नाही. दारू-स्पिरिटच्या उद्योगातून पक्षांकडे आलेल्या पैशाचं प्रकरणही काही वर्षांनी बाहेर आलं.

1920 च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट पहिले आले, पण लवकरच डावे त्यांच्यातून फुटून निघाले. सरकार कोसळलं आणि अधिकाऱ्यांचं काळजीवाहू मंत्रिमंडळ आलं. ते चालवायचं कुणी? इथून 'प्येत्का' सुरू होते, म्हणजे पाच जणांची बैठक. शेतकरी पक्षाचे श्वेहला, राष्ट्रीय लोकशाहीवाद्यांचे राशीन, राष्ट्रीय समाजवाद्यांचे स्ट्रीब्र्नी, सोशल डेमोक्रॅटांचे बेखिन्ये आणि लोकपक्षाचे श्रामेक. घटनेत या बैठकीचा उल्लेख नव्हता. अवघड विधेयक आधी या पाचांपुढे येई. शेतकऱ्यांना आयात-कर हवा, कामगारांना विमा हवा, चर्चला शाळेत धर्म हवा, तर कुणी काय सोडायचं हे तिथे ठरे आणि मग विधेयक सभागृहात जाई. 'आपलं एकमत होईल, यावर आपलं एकमत झालंय' असं सूत्र या पाचांच्या नावावर आजही सांगितलं जातं.

सभागृह त्यांचं ऐके कसं? यादी पक्ष ठरवत होता, मतदाराला उमेदवार मागे-पुढे करता येत नव्हता. शिवाय निवडणूक न्यायालय होतं. अप्रामाणिक हेतूनं पक्ष सोडणाऱ्या सदस्याचं पद ते काढून घेऊ शकत होतं. त्यामुळे पाच जणांचा शब्द म्हणजे तीनशे जणांच्या सभागृहातलं बहुमत, असं समीकरण बसलं. टीकाकारांना यात लोकशाहीचा गळा घोटलेला दिसे. ती टीका निम्मी खरी होती. राहिलेला निम्मा भाग असा की, आसपासची राज्यं एकामागून एक हुकूमशाहीकडे सरकत असताना इथे कायदे संसदेतच होत राहिले.

1922 च्या ऑक्टोबरात श्वेहला पंतप्रधान झाले. योगायोग असा की, त्याच वर्षाच्या पहिल्या दिवसापासून बृहत् प्राग अस्तित्वात आलं होतं आणि होस्तिवार्झ गाव राजधानीचा भाग झालं होतं. पद हाती येऊन तीनच महिने झाले होते तेव्हा अर्थमंत्री राशीन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि पुढे ते दगावले. प्रजासत्ताकाच्या संरक्षणाचा कडक कायदा त्यानंतरचा. 1924 मध्ये कामगारांचा सामाजिक विमा आला. शेतकरी पक्षाच्या पंतप्रधानाच्या कारकिर्दीत समाजवाद्यांची ही मागणी पुरी झाली, ती प्येत्कातल्या देवाणघेवाणीच्या जोरावर.

1925 च्या निवडणुकीत शेतकरी पक्ष 45 जागांसह पहिला आला आणि कम्युनिस्ट 41 जागांसह दुसरे. जुनी आघाडी काही महिन्यांत मोडली. श्वेहलांनी नवी जुळवली, तिच्या मुळाशी पुन्हा धान्य होतं. धान्यावरच्या आयात-कराला चेक शेतकरी आणि जर्मन शेतकरी दोघांचाही पाठिंबा, धर्मगुरूंच्या पगाराला दोन्हीकडच्या कॅथलिकांचा. 1926 च्या ऑक्टोबरात जे मंत्रिमंडळ बसलं त्यात पहिल्यांदाच जर्मन मंत्री होते. जर्मन शेतकऱ्यांच्या पक्षाचे फ्रान्झ स्पिना, जे स्वतः स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक होते, आणि ख्रिश्चन सोशल पक्षाचे मायर-हार्टिंग. पुढे ह्लिंका यांचा स्लोव्हाक पक्षही आत आला. आठ वर्षांपूर्वी ज्यांच्या किल्लीनं जर्मनांना दार बंद राहिलं होतं, त्याच श्वेहलांनी ते उघडलं. त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम कोणतं, तर हेच.

याच सरकारचं 1927 चं दुसरं काम मात्र उलट दिशेचं आहे. देशाचे चार प्रांत केले गेले. त्यांच्या सभांतले एक तृतीयांश सदस्य सरकार नेमणार होतं. गावांच्या आणि जिल्ह्यांच्या खर्चावर व करांवर कडक मर्यादा घालणारा कायदाही त्याच वर्षीचा. कर्जात बुडालेल्या नगरपालिकांना शिस्त हवी होती, हे कारण दिलं गेलं. गृहमंत्री असताना ज्यांच्या खात्यानं गावाला समान मत दिलं, त्यांच्या सरकारनं गावाची तिजोरी आखडती केली. चरित्रकारांनी यावर अधिक लिहायला हवं होतं.

मासारिक यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष कोण, या चर्चेत श्वेहलांचं नाव पुढे होतं आणि खुद्द मासारिकांचीही तीच इच्छा होती. तब्येतीनं साथ दिली नाही. 1927 च्या अखेरीपासून ते आजारी होते. कारभार श्रामेक पाहत होते. 1929 च्या फेब्रुवारीत श्वेहलांनी राजीनामा दिला आणि त्यांच्याच पक्षाचे उदर्झाल पंतप्रधान झाले. 1933 च्या डिसेंबरात, साठीत, श्वेहला वारले. मूठमाती होस्तिवार्झलाच दिली गेली.

चेक प्रजासत्ताकात आज सहा हजारांवर ग्रामपालिका आहेत आणि गावचा किंवा लहान शहराचा कारभार पाहून मंत्रिपदापर्यंत गेलेली माणसं तिथे आजही भेटतात. पण आता वाटाघाट कॅमेऱ्यापुढे सुरू होते आणि तिथेच मोडते. बंद दारामागची बैठक परत यावी असं कुणी म्हणणार नाही. मात्र उठायच्या आधी तोडगा काढायचाच, ही तिथली सवय हरवली, याची हळहळ वाटते.

1945 मध्ये श्वेहलांच्या पक्षाला पुन्हा काम सुरू करायला परवानगी मिळाली नाही. आज होस्तिवार्झमधून जाणारा मोठा रस्ता आणि झिझकोव्हमधलं विद्यार्थी वसतिगृह त्यांच्या नावानं ओळखलं जातं.