आतल्या माणसाची पारख आणि निर्दोषत्वाचे गृहीतक

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजच्या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी आपल्या रोजच्या कामापासून दूरचा वाटेल. विमान चालविणाऱ्या माणसाची पारख कशी करावी आणि तसे करताना त्याच्यावर अन्याय होणार नाही याची काळजी कशी घ्यावी, हा तो विषय होय. परंतु ज्याच्या हाती आपण विश्वासाने किल्ल्या सोपवितो त्याच्यावर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न विमानतळापुरता मर्यादित नाही. कोषागारात, शाळेत, ग्रामपंचायतीच्या दप्तरात तो रोज उभा राहतो. विमानवाहतुकीत चुकीची किंमत फार मोठी असल्यामुळे त्याचा तेथे बारकाईने विचार झालेला आहे. म्हणून ते उदाहरण मी घेतले आहे.

कुंपणच शेत खाते तेव्हा

आपल्याकडे म्हण आहे की, कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी? सुरक्षाशास्त्रात ज्याला आतल्या माणसाचा धोका म्हणतात तो हाच. बाहेरचा माणूस कुंपण ओलांडून येतो. आतल्या माणसाला ते ओलांडावे लागत नाही. त्याच्याजवळ ओळखपत्र असते, त्याला वाटा ठाऊक असतात, आणि पहारेकरी त्याला नमस्कार करतात.

७ डिसेंबर १९८७ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये एक प्रवासी विमान कोसळून ४३ माणसे मृत्युमुखी पडली. विमान कंपनीने नुकत्याच बडतर्फ केलेल्या एका कर्मचाऱ्याने पिस्तुल घेऊन विमानात प्रवेश केला होता. कामावरून काढल्यानंतरही त्याचे ओळखपत्र त्याच्याकडेच राहिले होते आणि त्याच्या आधारे तो तपासणी चुकवू शकला. त्यानंतर तेथे नियम कडक झाले. नोकरी संपताच ओळखपत्र परत घ्यावे आणि विमान कर्मचाऱ्यांनीही प्रवाशांप्रमाणे तपासणीतून जावे, असे ठरले. हे दोन्ही उपाय साधे होते आणि कोणाच्याही अब्रूला धक्का लावणारे नव्हते, हे येथेच लक्षात ठेवावे.

पुढे ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर जगभर विमानचालकांच्या कक्षाला मजबूत, आतून बंद होणारी दारे बसविण्यात आली. बाहेरच्या अपहरणकर्त्याविरुद्ध ती योग्यच होती. परंतु २४ मार्च २०१५ रोजी बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला जाणाऱ्या जर्मनविंग्ज कंपनीच्या विमानात मुख्य वैमानिक थोड्या वेळासाठी बाहेर गेला असता सहवैमानिकाने तेच दार आतून बंद करून घेतले आणि विमान फ्रान्समधील आल्प्स पर्वतात हेतुपुरस्सर आदळविले. विमानातील सर्व १५० माणसे मरण पावली. बाहेरच्याला रोखणाऱ्या दारानेच आतल्या वैमानिकाला आपल्या जागेवर परत येऊ दिले नाही.

भीतीने लपविलेले दुखणे

या अपघाताचा फ्रान्सच्या अपघात अन्वेषण संस्थेने केलेला अहवाल मार्च २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. या सहवैमानिकाला प्रशिक्षणाच्या काळातच नैराश्याचा आजार झाला होता आणि त्याच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर तशी अट नमूद होती. अपघातापूर्वीच्या काही महिन्यांत तो अनेक डॉक्टरांकडे गेला होता. एका डॉक्टरने तर अपघाताच्या दोन आठवडे आधी त्याला मनोरुग्णालयात उपचार घेण्याचा सल्ला दिला होता. परंतु ही माहिती ना कंपनीला कळली, ना विमानवाहतूक खात्याला. डॉक्टरांना वैद्यकीय गोपनीयतेचे बंधन होते आणि ते केव्हा सैल करावे याविषयी स्पष्ट नियम नव्हता. सहवैमानिकाने स्वतः काही सांगितले नाही. उड्डाणाचा हक्क जाईल आणि त्याबरोबर उत्पन्नही जाईल, ही भीती त्यामागे असावी, असे अहवालाने दाखविले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत एका विमानात ८० हून अधिक माणसे असताना, कामावर नसलेल्या व कक्षातील जादा आसनावर बसलेल्या वैमानिकाने चालू इंजिने बंद पाडण्याचा प्रयत्न केला. सहकाऱ्यांनी तो वेळीच हाणून पाडला. या वैमानिकालाही दीर्घकाळ नैराश्य होते आणि परवाना जाईल या धास्तीने त्याने उपचार टाळले होते. तेथील विमानवाहतूक प्रशासनाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२४ मध्ये २४ शिफारशी केल्या. दुखणे उघड करणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखे वाटू नये, हे त्यांतील एक मुख्य सूत्र होते.

कोणी म्हणेल, मग चाचण्याच इतक्या कडक करा की असा एकही माणूस सुटू नये. येथे थोडे गणित करून पाहू. समजा, १०,००० वैमानिक आहेत आणि त्यांत खरोखर धोकादायक असा एकच आहे. समजा, आपली चाचणी इतकी चांगली आहे की ती शंभरात फक्त एका निर्दोष माणसाला चुकून धोकादायक ठरविते. तरीही चाचणीत सुमारे १०० निर्दोष वैमानिक अडकतील आणि त्यांच्यात तो एक खरा असेल किंवा नसेलही. हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. पण दुर्मीळ गोष्ट शोधणाऱ्या प्रत्येक चाळणीचा स्वभाव असाच असतो. चाळणीत अडकला तो दोषी, असे मानले तर एका दोषीसाठी शंभर घरे उद्ध्वस्त होतील. आणि ते पाहणारा प्रत्येक वैमानिक पुढे काय करील? आपले दुखणे आणखी खोल दडवून ठेवील. म्हणजे चाळणी जितकी निर्दय, तितकी ती आंधळी होत जाते.

संशय आणि निर्णय

गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष मानावा, हे तत्त्व १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या अकराव्या कलमात नमूद आहे, आणि आपल्या न्यायव्यवस्थेचाही तो पाया आहे. येथे एक गैरसमज होतो. हे तत्त्व पाळायचे तर संशय असूनही वैमानिकाला विमान चालवू द्यावे लागेल, असे काहींना वाटते. तसे मुळीच नाही. हे तत्त्व माणसाला दोषी ठरविणे आणि शिक्षा देणे यासंबंधीचे आहे. ताप आलेल्या वैमानिकाला आपण त्या दिवशी उड्डाण करू देत नाही. पण म्हणून त्याला गुन्हेगार म्हणत नाही.

शासकीय सेवेत असलेल्यांना हा भेद नवा नाही. चौकशी चालू असताना कर्मचाऱ्याला निलंबित करता येते. परंतु निलंबन ही शिक्षा नव्हे आणि त्या काळात त्याला निर्वाहभत्ता मिळतो. राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाप्रमाणे, आरोप कळविल्याशिवाय आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय त्याला सामान्यतः बडतर्फ करता येत नाही. राज्याच्या सुरक्षिततेसारखे अपवाद त्याच अनुच्छेदात आहेत. परंतु अपवादाचे नाव घेतले की काम झाले, असे नाही. एका दूरचित्रवाणी वाहिनीला सुरक्षाविषयक मंजुरी नाकारल्याच्या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, राष्ट्रीय सुरक्षेचा दावा हवेतून करता येणार नाही. त्यामागे आधार दाखविता आला पाहिजे.

गोपनीयतेचा प्रश्नही असाच आहे. आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याच कलमात असेही म्हटले आहे की, दुसऱ्या व्यक्तीचे अपाय किंवा हिंसा यांपासून रक्षण करण्यासाठी आवश्यक तेवढीच माहिती देता येईल. ‘आवश्यक तेवढीच’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. विशिष्ट वैमानिक तूर्त उड्डाणास योग्य नाही, एवढे संबंधित अधिकाऱ्याला कळणे पुरेसे असते. त्याच्या घरातील कलह, त्याची औषधे, त्याचे अश्रू यांची नोंद सर्व कार्यालयात फिरण्याचे कारण नाही.

मृतांनाही हा न्याय लागू आहे

वैमानिक जिवंत नसतो तेव्हा या तत्त्वाची खरी कसोटी लागते, कारण तो उत्तर देऊ शकत नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी इजिप्तएअरचे विमान अटलांटिक महासागरात कोसळून २१७ माणसे दगावली. सहवैमानिकाने नियंत्रणे हाताळल्यामुळे ते कोसळले, असा निष्कर्ष अमेरिकेच्या अन्वेषण मंडळाने काढला. इजिप्तच्या अधिकाऱ्यांनी तो अमान्य करून यांत्रिक बिघाडाकडे बोट दाखविले. ८ मार्च २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सचे विमान २३९ माणसांसह बेपत्ता झाले. लोकांनी मुख्य वैमानिकाला केव्हाच दोषी ठरवून टाकले. परंतु जुलै २०१८ च्या अधिकृत अहवालाने कारण निश्चित करता येत नसल्याचे सांगितले आणि तिऱ्हाइताच्या हस्तक्षेपाची शक्यताही नाकारली नाही.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९ अशी एकूण २६० माणसे गेली. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात, इंधन बंद करणारे दोन्ही खटके एकापाठोपाठ बंद स्थितीत गेल्याची नोंद होती. तू इंधन का बंद केलेस असे एका वैमानिकाने विचारल्याची, आणि आपण तसे केले नाही असे दुसऱ्याने सांगितल्याचीही नोंद होती. कोणता आवाज कोणाचा हे त्या अहवालाने सांगितले नव्हते, की कोणाचा दोषही ठरविला नव्हता. तरी काही दिवसांतच वृत्तपत्रांतून एका मृत वैमानिकाकडे बोट दाखविले गेले. त्याच्या वृद्ध पित्याला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. आपल्या मुलाला दोष दिला जात आहे हे ओझे तुम्ही वाहू नका, अशा आशयाचे उद्गार नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायपीठाने त्या पित्याला उद्देशून काढले. अपघात-अन्वेषणाचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा असून दोष किंवा दायित्व ठरविणे हा नव्हे, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. त्याचे कारण व्यवहाराचे आहे. दोषी सापडला असे वाटताच शोध थांबतो. आणि तो चुकीचा असेल तर खरे कारण दुसऱ्या विमानाची वाट पाहत राहते.

काय करता येईल?

अनुभवातून पुढे आलेले उपाय थोडक्यात सांगतो. पहिला असा की, तपासणी सर्वांची व्हावी. आपल्या देशात उड्डाणापूर्वी वैमानिकांची श्वासचाचणी होते. ती सर्वांसाठी असल्यामुळे तीत कोणाचा अपमान नाही. संशयावरून एकट्याला बाजूला काढून केलेली तीच चाचणी मात्र डाग ठरते.

दुसरा उपाय सहकाऱ्यांच्या साहाय्याचा. युरोपीय संघाच्या २०१८ च्या आणि फेब्रुवारी २०२१ पासून अंमलात आलेल्या नियमांनी, नेमणुकीनंतर प्रवासी उड्डाणे सुरू करण्यापूर्वी वैमानिकाचे मानसशास्त्रीय मूल्यमापन आणि प्रत्येक वैमानिकाला साहाय्य योजना उपलब्ध करणे विमान कंपन्यांवर बंधनकारक केले. भारतातही नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये याच दिशेने सूचना दिल्या. आपल्या अडचणी जाणणाऱ्या समव्यवसायी माणसाजवळ मन मोकळे करणे सोपे असते.

तिसरा उपाय परतीची वाट उघडी ठेवण्याचा. जो स्वतःहून दुखणे सांगतो त्याचे उत्पन्न काही काळ तरी चालू राहावे, त्याला उपचार मिळावेत, आणि बरा झाल्यावर ठरलेल्या पद्धतीने त्याची पुनर्तपासणी व्हावी. फ्रान्सच्या अहवालानेही परवाना गमावण्याच्या आर्थिक परिणामांवर उपाय सुचविले होते ते याचसाठी.

चौथा उपाय नोंदीचा. कोणाला केव्हा, कोणत्या कारणाने बाजूला केले, कोणी केले आणि फेरविचार केव्हा होणार, हे लेखी असावे. तोंडी संशयाला मुदत नसते. लेखी आदेशाला असते.

मित्रहो, चारित्र्य पडताळणीचे कागद आपल्यापैकी अनेकांच्या हातून जातात. शाळेच्या गाडीचा चालक, वसतिगृहाचा अधीक्षक, रोखपाल यांची पारख आपण केलीच पाहिजे. भाबडेपणाला येथे जागा नाही. परंतु एखाद्या निनावी अर्जावरून सुतावरून स्वर्ग गाठू नये. माणसाला कामावरून तूर्त दूर ठेवणे आणि त्याला गावात तोंड दाखविणे अशक्य करणे, यांत फार मोठे अंतर आहे. पहिली गोष्ट संशयावर करता येते. दुसरी पुराव्यानंतरही आपल्या अधिकारातली नसते.

निर्दोषत्वाचे गृहीतक ही सुरक्षेतील फट आहे, असे समजले जाते. मला उलट वाटते. खरे सांगितल्यास आपला न्याय होईल, अशी ज्या व्यवस्थेत आतल्या माणसाची खात्री असते, तेथेच धोका वेळेवर कळतो. अशी खात्री आपापल्या कार्यालयात, शाळेत आणि पंचायतीत निर्माण करणे आपल्या हाती आहे, इतके सांगून मी माझे भाषण पुरे करतो.