हातांची सेवा



महोत्सवानिमित्त आपण गतकाळाचे स्मरण करीत आहोत. परंतु ज्यांच्या स्मरणातून तो काळच पुसला गेला, त्या वडीलधाऱ्यांस आपण विसरू नये.

जर्मन वैद्य आल्झायमर यांनी १९०६ साली वर्णिलेला रोग हे स्मृतिभ्रंशाचे प्रमुख कारण होय. अशा रोग्याची तळमळ सायंकाळी पुष्कळदा वाढते. सोलापुरातील एका घरी आम्ही हे पाहिले. जन्मभर गिरणीत राबलेले एक वृद्ध गृहस्थ 'भोंगा झाला, भोंगा झाला' म्हणत दाराकडे धाव घेत होते. उपदेशाची सवय जडलेले आम्ही 'गिरणी केव्हाच बंद झाली' असे समजावू लागलो, तो ते अधिकच खवळले. त्यांची सून मात्र समोर येऊन बसली. 'मामा' अशी हाक मारून तिने त्यांचा हात हाती घेतला, चादरीचा काठ बोटांत दिला, व ती हात हळूहळू कुरवाळीत राहिली. ते शांत झाले. आम्ही खजील झालो.

मात्र रोग्यास मागून अचानक धरू नये. त्याने हात काढून घेतल्यास थांबावे. वेदना, तहान वा लघवीची अडचण नाही ना, हेही पाहावे.

प्रभु येशूस कुष्ठरोगी केवळ शब्दाने बरा करता आला असता. तरी त्याने त्यास स्पर्श केला. आजाऱ्यांच्या अभ्यंगात आम्ही कपाळास व हातांस तेल लावतो. ते क्वचित, तुमचा हात मात्र रोज सायंकाळी हवा असतो. तो आखडू नका.