लक्ष्मीच्या वाहनाशी गट्टी

(अंबरनाथ पूर्व येथील कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



दिवाळीच्या अमावास्येला घरोघरी लक्ष्मीपूजन होते. लोकपरंपरेने घुबडाला लक्ष्मीचे वाहन मानले आहे. आणि नेमक्या याच दिवसांत गुप्तधनाच्या व मंत्रतंत्राच्या नादाने देशात घुबडांचा चोरटा व्यापार होतो, त्यांचे बळी दिले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. परंतु कायदा काही रात्री प्रत्येक झाडाखाली उभा राहू शकत नाही.

घुबडाचे भय मूल जन्माला येताना आणत नाही, ते घरातच शिकते. घुबडाला मारलेला दगड ते उचलून झिजवते आणि मारणारा तसतसा झिजत जातो, असा एक समज आपल्याकडे आहे. गंमत अशी की, या समजुतीने काही घुबडे वाचलीही असतील! पण भीतीने दिलेले अभय टिकाऊ नसते.

पुरंदर तालुक्यातील पिंगोरी गावात डॉ. सतीश पांडे यांच्या इला फाउंडेशनने २९ व ३० नोव्हेंबर २०१८ रोजी घुबड महोत्सव भरविला. भारतातील हा पहिलाच. तेथे भाषणांपेक्षा चित्रे, रांगोळ्या, कागदाची व कापडाची घुबडे यांचीच गर्दी अधिक होती. ज्या पाखराचे नाव शिवी म्हणून वापरले जाते, त्याचे चित्र मुले कौतुकाने रंगवीत होती.

हे येथेही सहज जमण्यासारखे आहे. त्यासाठी आंधळी कोशिंबीर थोडी बदलावी. एका मुलाचे डोळे बांधून त्याला मैदानाच्या मध्ये बसवावे. तो गव्हाणी घुबड. भोवती सुकी पाने पसरावीत आणि बाकीच्यांनी उंदीर होऊन दबक्या पावलांनी पुढे सरकावे. खसफस ऐकून त्याने अचूक दिशेला बोट दाखविले की उंदीर बाद. दुसऱ्या डावात त्याचा एक कान झाकावा. बोट चुकू लागते, आणि दोन कानांचे महत्त्व न सांगता कळते. गव्हाणी घुबडाचे कान तर एकाच पातळीत नसतात, एक किंचित वर व एक खाली. म्हणून मिट्ट काळोखातही त्याला भक्ष्याचा नेमका ठाव लागतो. त्याचा बदामाच्या आकाराचा चेहरा हा आवाज गोळा करणारा जणू द्रोणच. मान २७० अंशांपर्यंत वळते, ती मात्र कोणी वळवून पाहू नये!

खेळानंतर आई-वडिलांनी मुलांसह तोच चेहरा रंगवावा. घुबड न पचलेली हाडे व केस गोळीच्या रूपाने तोंडावाटे टाकते. झाडाखाली अशी गोळी सापडल्यास हातमोजे घालून ती पाण्यात भिजवावी आणि आतील हाडे पुठ्ठ्यावर चिकटवावीत. या पाखराने किती उंदीर फस्त केले, त्याचा जमाखर्च समोर येतो.

वालधुनीकाठचे शिवमंदिर १०६० सालचे. अशा जुन्या वस्तूंची ममता या गावाला आहे. ती जुन्या झाडांनाही लाभावी. पिंगळा ढोलीत राहतो, आणि ढोली जुन्या झाडालाच असते. याच ठाणे जिल्ह्याच्या परिसरातील तानसा अभयारण्यात २०१४ मध्ये रानपिंगळा आढळला. हा पक्षी शंभरहून अधिक वर्षे नामशेष समजला जात होता. १९९७ मध्ये तो नंदुरबारकडे पुन्हा दिसला.

एक गोष्ट घरातल्या मोठ्यांकडे. उंदरांसाठी विष ठेवले जाते. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला, तर तेही मरते. त्याऐवजी पिंजरा लावावा. पिंजऱ्यात काय सापडले, हे सकाळी पाहायला मुले आधी धावतील.