ओळखीतली गाडी

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या आपल्या घरगुती व्याख्यानमालेत दिलेलं भाषण. काही सभासदांनी मुद्दे लिहून मागितले, म्हणून स्मरणिकेसाठी जवळजवळ जसंच्या तसं उतरवून दिलं आहे.)



आपण २००० साली इथे राहायला आलो तेव्हा खाली पार्किंगमध्ये मोजून पाच गाड्या होत्या, बाकी सगळ्या स्कूटर. मुलं तिथे क्रिकेट खेळायची. आज गाडी लावायला जागा मिळाली तर माणूस देवाला नमस्कार करतो. आपल्या नोटीस बोर्डावर वर्षभरात किती चिठ्ठ्या लागतात बघा. 'गाडी विकणे आहे, एकहाती, उत्तम स्थितीत, बी विंगमध्ये चौकशी करावी.' सेक्रेटरीसाहेब मला म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले. जुनी गाडी घेताना काय बघावं यावर बोला." मी हो म्हटलं, कारण या विषयात माझी पात्रता मोठी आहे. मी स्वतः फसलो आहे. आणि मला कोणी फसवलंच नव्हतं, ही त्यातली खरी गोष्ट आहे.

२००६ च्या मार्चमध्ये माझ्या एका सहकाऱ्याची बदली झाली. बावीस वर्षं आम्ही एका बँकेत, त्यातली सात वर्षं एका शाखेत होतो. डबा एकत्र. त्याची पाच वर्षांची छोटी गाडी होती, ती त्याला विकायची होती. किंमत ठरली एक लाख साठ हजार. आमची ही म्हणाली, "एकदा मिस्त्रीला दाखवून घ्या." मी म्हटलं, "अगं, त्याची गाडी मिस्त्रीला दाखवायची म्हणजे त्याचा अपमान." चहा झाला, चेक दिला, चावी घेतली.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला आणि गाडी कोपरी पुलावर बंद पडली. आधी वायपर थांबले, मग दिवे गेले, मग इंजिन. बायको शेजारी, मागे ट्रकचे हॉर्न. गॅरेजमध्ये मिस्त्रीने पुढच्या सीटखालची मॅट उचलली. खाली वाळलेला गाळ होता. सीटचे रूळ गंजलेले. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ. तो म्हणाला, "साहेब, ही गाडी पाण्यात बसलेली आहे." वायरिंग आणि बाकी काम मिळून अडतीस हजार गेले.

घरी येऊन मी आरसी बुक काढलं. माझ्या मित्राच्या नावावर गाडी झाल्याची नोंद होती सप्टेंबर २००५ ची. त्याच्या आधीच्या मालकाचा पत्ता कलिन्याचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. कलिन्याची गाडी, पुरानंतर सहा-सात आठवड्यांत विकलेली. सगळं कागदावर लिहिलेलं होतं. आणि मी, आयुष्यभर लोकांचे कागद तपासून कर्जं मंजूर केलेला माणूस, ते बुक न उघडता कपाटात ठेवून बसलो होतो.

मी मित्राला फोन केला आणि नको ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "मी तुला फसवीन असं तुला वाटलं?" त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्यानेही ती गाडी कोणाच्या तरी ओळखीनेच घेतली होती. त्यानंतर आम्ही बोललो नाही. २०१२ साली तो गेल्याचं मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. अडतीस हजार केव्हाच भरून निघाले. दुसरं राहून गेलं.

म्हणून मुख्य मुद्दा आधीच सांगतो, म्हणजे मागे बसलेल्यांना मध्येच उठून जेवायला जाता येईल. ओळखीत गाडी घेताना तपासणी करणं हा अविश्वास नाही. ती ओळख टिकवण्यासाठीच करायची असते. आणि खाजगी व्यवहारात आपले बहुतेक हक्क पैसे देण्याच्या आधी मिळवावे लागतात. नंतर फार थोडे उरतात.

ते कसं, ते बघू. दुकानदाराकडून किंवा जुन्या गाड्यांच्या डीलरकडून वस्तू घेतली तर आपण ग्राहक असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फीही नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते आहे का हे जरूर विचारा. पण तिसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका स्वतःची गाडी विकतात तेव्हा ते व्यापारी नसतात, त्यामुळे ग्राहक आयोगाचा हा दरवाजा इथे उपयोगी पडत नाही. तिथे १९३० चा वस्तुविक्री कायदा आणि १८७२ चा करार कायदा लागतो.

वस्तुविक्री कायदा सांगतो की विकणाऱ्याला ती वस्तू विकण्याचा हक्क असला पाहिजे आणि तिच्यावर न सांगितलेला बोजा नसावा. ही हमी न लिहिताही मिळते. पण माल चांगल्या प्रतीचा असल्याची हमी कायदा गृहीत धरतो ती मुख्यतः व्यापाऱ्याकडून. खाजगी विक्रेत्याच्या बाबतीत 'बघून घ्या' हाच नियम. आता करार कायदा. समोरच्याने जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर व्यवहार रद्द करून मागता येतो. पण तो नुसता गप्प बसला असेल, किंवा नकळत चुकीचं बोलला असेल, आणि आपण साधी काळजी घेतली असती तर खरं कळलं असतं, तर ती तक्रार टिकत नाही. हा अपवाद मी नंतर वाचला आणि स्वतःशीच हसलो. मॅट उचलायला किती वेळ लागतो?

आता कोणी म्हणेल, सरकारी तपासणी असते ना? माझा पुतण्या इंग्लंडमध्ये आहे. तिथे तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी तपासणी होते आणि जुने निकाल नंबर टाकून कोणालाही बघता येतात. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, फिटनेसची तपासणी पुढे नोंदणी वाढवताना होते. मधल्या काळात असते ती पीयूसी. ती धुराची चाचणी आहे. ब्रेक, स्टिअरिंग, सांगाडा याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. 'पीयूसी आहे, म्हणजे गाडी ओके' हे वाक्य मनातून काढून टाका.

तेव्हा तपासणी आपणच करून घ्यायची. विकणाऱ्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये नाही, आपल्या मिस्त्रीकडे. सकाळी जा आणि आधी बॉनेटला हात लावा. इंजिन गार हवं. आधीच गरम करून ठेवलेली गाडी तिचे दुखणे लपवते. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. गाडी रॅम्पवर घेऊन खालून बघा. डिकीत स्टेपनीच्या खाली वेल्डिंग आहे का, दरवाजांच्या फटी सारख्या आहेत का, बॉनेटचे बोल्ट कधी खोललेले दिसतात का, यावरून अपघात कळतो. टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. काटा तीस हजार किलोमीटर दाखवतो आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर काटा मागे फिरवलेला असू शकतो. सर्व्हिसची बिलं मागा, त्यात प्रत्येक वेळचे किलोमीटर असतात. चेसी नंबर आरसीशी स्वतः जुळवा. आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, हे मी मरेपर्यंत सांगत राहणार.

मिस्त्री जे सांगेल ते कागदावर उतरवून त्याचे तीन भाग करा. पहिला भाग जिवाचा: ब्रेक, स्टिअरिंग, वाकलेला सांगाडा, पुराचं पाणी. सांगाडा किंवा पूर निघाला तर नमस्कार करून परत या, किंमत कितीही कमी होवो. ब्रेक-स्टिअरिंगचं काम निघालं तर ते झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. दुसरा भाग खर्चाचा: क्लच, बॅटरी, टायर, एसी. यांचा अंदाज काढून तो किमतीतून वजा करून मागा. यात संकोच नको. तिसरा भाग दिसण्याचा: ओरखडे, फाटलेलं सीट कव्हर. त्यावर घासाघीस करून शेजाऱ्याशी वाईटपणा घेऊ नका.

आता कागद. हा माझा प्रांत.

एक, वाहन पोर्टलवर नंबर टाकून मालकाचा तपशील, विमा, पीयूसी, नोंदणीची मुदत बघा. भरायची राहिलेली ई-चलनं बघा. ती गाडीच्या नंबरावर चढलेली असतात.

दोन, कर्ज. आरसीवर बँकेचा हायपोथिकेशनचा शेरा असेल तर 'कर्ज केव्हाच फिटलं' हे तोंडी चालत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो शेरा उतरवून घ्यावा लागतो. आमच्या शाखेत एक शिक्षक आले होते. जुनी गाडी घेतली, पूर्ण पैसे मोजले, आणि कर्ज आमच्याच बँकेचं थकलेलं. विकणारा गाव सोडून गेलेला. मी टेबलाच्या अलीकडे बसून त्यांना नियम सांगत होतो. त्या गृहस्थांचा चेहरा अजून आठवतो.

तीन, नाव बदलणं. फॉर्म २९ म्हणजे विक्रीची सूचना, फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोरे फॉर्म सही करून देऊ नका, घेऊही नका. विकणाऱ्यांनी हे नीट ऐका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात निकाल दिला. पहिल्या मालकाने गाडी २००७ साली विकली होती, ती पुढे आणखी हातांत गेली, २००९ साली अपघात झाला. पण आरसीवर नाव पहिल्याचंच. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. चावी दिली म्हणजे गाडी गेली असं समजू नका. नाव गेलं की गाडी गेली.

चार, विमा. त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग आपोआप जात नाही. चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करा. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही.

पाच, साधं एक पानी लेखी. गाडीचा, इंजिनाचा, चेसीचा नंबर, किलोमीटर, किंमत, ताबा दिल्याची तारीख आणि वेळसुद्धा, कारण संध्याकाळचं चलन कोणाचं हा वाद वेळेवरच मिटतो. आणि विकणाऱ्याच्या सहीनं दोन वाक्यं: 'माझ्या माहितीप्रमाणे गाडीला मोठा अपघात झालेला नाही' आणि 'गाडी पुराच्या पाण्यात गेलेली नाही.' ज्याला माहीत आहे तो सही करताना अडखळतो. ज्याला माहीत नाही तो म्हणतो, "थांबा, मी आधीच्या मालकाला विचारतो." दोन्हीत आपला फायदा. पैसे चेकने किंवा बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, त्यामुळे 'थोडे रोख द्या' म्हणणाऱ्याला तसं सांगा.

शेवटी कमिटीला एक विनंती. नोटीस बोर्डावर गाडी विक्रीची चिठ्ठी लावताना खाली एक छापील ओळ असू द्या: 'घेणाऱ्याने आपल्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावी, विकणाऱ्याची हरकत नाही.' म्हणजे विचारणाऱ्याला संकोच वाटणार नाही आणि ज्याला विचारलं त्याला राग येणार नाही. नियमच आहे म्हटल्यावर प्रश्न मिटला.

मी त्या मार्चमध्ये मित्राला म्हणायला हवं होतं, "चल, दोघं मिळून मिस्त्रीकडे जाऊ." अर्ध्या तासाचं काम होतं. मॅट उचलली असती, दोघांनी एकमेकांकडे बघितलं असतं, आणि मग दोघं मिळून त्या कलिनावाल्याच्या नावाने खडे फोडले असते. डबा एकत्र चालू राहिला असता.

आपली सोसायटी पंचवीस वर्षं एकत्र राहिली. पुढची पंचवीस वर्षंही शेजारधर्म असाच राहो, आणि पार्किंगचा प्रश्न सुटो, ही सदिच्छा व्यक्त करून थांबतो.