आवड, कुवत आणि सरकारी नोकरी

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



"मुलगा सरकारी नोकरीला लागला" हे आपल्याकडे मोठ्या समाधानाने सांगितले जाते. पण ते काम त्याला मानवते काय, हे फारसे कोणी विचारीत नाही. त्याची किंमत मात्र एका दाखल्यासाठी चार खेटे घालणारा गरीब माणूस मोजतो.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली एक विचार मांडला. पगार व सुरक्षितता नसली तर माणूस नाराज होतो; पण ती मिळाली म्हणून कामाची गोडी लागतेच असे नाही. गोडी लागते ती जबाबदारीने, यशाने आणि कौतुकाने. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीतील दप्तर लावून घेतले, बैठकव्यवस्था व कामाची पद्धत सुधारली. कर्मचारी तेच होते, कारभार मात्र बदलला. हाच पुढे 'लखीना पॅटर्न' म्हणून गाजला.

दुसरी गोष्ट कुवतीची. आपल्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र १९५५ सालचे. संकरित नारळासाठी माडावर चढून फुलोऱ्यातील नरफुले काढावी लागतात, मग निवडलेल्या जातीचे पराग मादीफुलांवर सोडायचे. फळ तयार व्हायला सुमारे वर्ष लागते आणि त्या रोपाची पारख व्हायला आणखी कित्येक वर्षे. ज्याला उंचीचे भय आहे किंवा धीर नाही, तो कितीही हुशार असला तरी येथे अपुरा पडेल. तोच मुलगा हिशेबाच्या टेबलावर चोख ठरेल. यात कमीपणा कोणाचाच नाही.

मात्र आवड नाही म्हणून काम टाळण्याची मुभा कोणालाही नाही. दिरंगाईला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रात २००५ साली झाला, लोकसेवा हक्काचा २०१५ साली. कायद्याने फाईल पुढे सरकेल. आलेल्या माणसाला "बसा" म्हणण्याची बुद्धी कायदा देऊ शकत नाही. ती घरी आणि शाळेतच लागते.

म्हणून पालकांना विनंती, की शेजाऱ्याचा मुलगा कोठे लागला हे पाहून अर्ज भरू नका. विद्यार्थ्यांनो, तलाठी, परिचारिका, शिक्षक, वनरक्षक यांपैकी जे व्हावेसे वाटते, त्या माणसाचा एक दिवस जवळून पाहा. त्यातील कंटाळवाणा भागही सोसवेल असे वाटले, तरच त्या वाटेला लागा. आणि एकदा लागलात, की समोरचा माणूस आपल्याच घरातला आहे असे समजून काम करा.